दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा

दुभाषीबाईंचं काम कानांनी आणि तोंडानं करायचं होतं. हात मोकळे राहत, म्हणून कॉल चालू असताना त्या मांडीवर कापड घेऊन रुमालांच्या कडा दुमडून शिवत बसायच्या. कपाटाचा एक खण अशा रुमालांनी भरला होता. इतके रुमाल वापरणार कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता.

नवी नवरी म्हणून त्या या परक्या देशात आल्या. नवरा कारखान्यात लेथवर कामाला होता. दिवसभर कानांत बोळे घालून उभा राहायचा आणि घरी आला की साठलेलं सगळं बोलून टाकायचा. 'अहो, जरा घास तरी गिळा,' असं त्यांना रोज म्हणावं लागे. तो गेला आणि घरातली मराठीच बंद पडली. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला होती. फोन करायची, आईचं मराठी नीट ऐकायची, पण उत्तर तिकडच्या भाषेत द्यायची.

तेव्हा कुणीतरी हे काम सुचवलं. दवाखाने, कचेऱ्या, बँका, जिथे कुणा मराठी माणसाचं अडे, तिथून कंपनीला फोन जाई आणि कंपनी तो बाईंकडे वळवी. मागची खोली त्यांनी कामासाठी ठेवली. खिडकीखाली टायरवाल्याचं आवार होतं. त्याचा हवेचा पंप सुरू झाला की त्या उठून खिडकी लावून घेत.

कामाचा पहिला नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'माझं बाळ पोटात फिरत नाही.' 'मी भाडं वेळेवर भरलंय.' 'मला इथून काढू नका.' बाई दिवसभर 'मी, मी' करत आणि संध्याकाळी हेडफोन काढून ठेवला की त्यांच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं एक वाक्यही उरत नसे. दुसरा नियम म्हणजे आपल्या मनाचं काही बोलायचं नाही. ते त्यांना जड गेलं नाही. विचारणारंच कुणी नव्हतं.

एका सकाळी विमानतळावरून कॉल आला. भाड्यानं गाड्या देणाऱ्या काउंटरवरची मुलगी बोलत होती. समोर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. गावी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, तेव्हा त्यांना चष्मेवाले म्हणू.

"गाडीबरोबर कायद्यानं सक्तीचा विमा येतोच," मुलगी म्हणाली, "पण त्याची मर्यादा कमी आहे. नुकसान त्याच्या वर गेलं तर उरलेलं तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरावं लागेल. जादा लायबिलिटी घ्यायची का?"

लायबिलिटीला कोशात 'दायित्व' हा शब्द आहे. तो कुणाच्या तोंडी बाईंनी कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून दुसऱ्या कुणाला लागलं किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर ते भरून द्यायची जबाबदारी. त्यासाठीचा जादा विमा."

"म्हणजे थर्ड पार्टी. मग तसं सांगा की सरळ," चष्मेवाले म्हणाले.

बाईंना हेसुद्धा पलीकडे पोचवावं लागलं. काउंटरवरची मुलगी हसली.

"आणि माझ्याच गाडीला काही झालं तर?"

"त्याचा विमा वेगळा आहे."

"मुलानं त्याचं क्रेडिट कार्ड दिलंय. त्यात सगळं येतं म्हणालाय तो."

"कार्डात बहुतेक भाड्याच्या गाडीचं नुकसान येतं. दुसऱ्याचं सहसा येत नाही. तुमच्या कार्डवाल्यांना विचारून घ्या."

"आता इथून कुणाला विचारू? तिकडे सगळे झोपलेत." ते आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, तुम्ही इथल्या दिसता. तुम्ही काय घेतलं असतं?"

बाईंच्या हातातली सुई थांबली. नियमाप्रमाणे त्यांनी दोन्ही भाषांत एकेकदा सांगितलं, की दुभाषी सल्ला देऊ शकत नाही. सांगताना आपला आवाज एखाद्या बंद दुकानाच्या पाटीसारखा वाटला त्यांना. शिवाय खरं सांगायचं तर त्यांना उत्तर माहीतही नव्हतं. नवऱ्याच्या मागे गाडी विकून टाकली होती. आपल्या हातून कुणाचं नुकसान व्हावं, इतकं कुणाच्या जवळ जाणंच कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"कुठपर्यंत जाणार आहात?" मुलीनं विचारलं.

"बहिणीकडे. मोठी बहीण आहे माझी, अक्का. इथल्याच माणसाशी लग्न केलं, तेव्हा घरात मोठं रामायण झालं. आता तो गेला, मूलबाळ नाही, ती वृद्धाश्रमात असते. डोंगराच्या पलीकडे. तिकडे बस जात नाही म्हणतात. तिचं डोकं आता जागेवर नसतं. इथली भाषा पार विसरली. आश्रमवाल्यांनी पत्ता शोधून मला फोन केला, की ती बोलते ते कुणाला कळत नाही."

बाईंनी ते सगळं 'माझी बहीण, माझी बहीण' करत पलीकडे दिलं.

"दुसऱ्याचं तेवढं घ्या," चष्मेवाल्यांनी ठरवलं. "माझ्या गाडीला पोचा आला तर माझं मी बघीन. पण परमुलखात कुणाच्या लेकराला लागलं आणि मी खिसे चाचपत उभा राहिलो, असं नको व्हायला."

"गाडी आणखी कुणी चालवणार आहे?"

"नाही हो. मी एकटाच."

बाईंनी तेही पुढे दिलं आणि कॉल संपला.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या सुमारास विमा कंपनीतल्या एका साहेबांचा कॉल आला. मराठीचे दुभाषी यादीत मोजकेच होते, त्यामुळे त्याच माणसाचा कॉल पुन्हा आपल्याकडे येणं नवलाचं नव्हतं. पलीकडे चष्मेवाले होते. आश्रमाच्या आवारात गाडी मागे घेताना त्यांचा घोटाळा झाला होता. इथे गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूनं चालतात. हाताची सवय आणि डोक्यातली सूचना यांचं जमलं नाही, आणि गाडी जाऊन थडकली ती रोपांच्या काचघरावर.

"कुणाला इजा?" साहेबांनी विचारलं.

"देवाच्या दयेनं नाही. माळी चहाला गेला होता. जन्मभर काचा विकल्या साहेब, आज फोडल्या."

साहेबांना विनोद कळला की नाही, कोण जाणे. "कागद बघतो, लाइनवर थांबा," एवढं म्हणून त्यांनी संगीत लावून दिलं. अशा वेळी दुभाष्यानं गप्प बसायचं असतं. बाई गप्प बसल्या.

"तुम्ही कालच्याच ताई ना?" चष्मेवाले म्हणाले. "आवाज ओळखला मी."

बाईंनी रुमालाला पुढचा टाका घातला.

"बरं, नका बोलू. नियम असतील तुमचे. ऐका तरी. अक्कानं मला ओळखलं नाही. 'दादा आले' म्हणाली. दादा म्हणजे आमचे वडील. ते ठीक आहे, वय झाल्यावर मी दादांसारखाच दिसतो. पण इथल्या नर्सा सांगतात, की ती दिवसभर दारलोटा, दारलोटा करते. त्यांना वाटलं, ही कुणी मुलगी असेल. जुन्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली बिचाऱ्यांनी. दारलोटा काही सापडेना. मग समजूत घालायला तिला सांगायला लागले, रडू नका, दारलोटा उद्या येणार आहे."

ते हसले, आणि हसता हसता थांबले.

"दार लोटा म्हणत होती हो ती. बाहेर टीव्ही मोठ्यानं चालतो, तो सोसत नव्हता तिला. किती महिने दार लोटा म्हणत होती आणि हे लोक येऊन दार आणखी उघडून ठेवत होते, पाहुणी येणार म्हणून."

संगीत वाजत होतं. बाईंनी रुमाल तोंडाशी धरला. मग त्या म्हणाल्या, "हो. मी कालचीच."

"वाटलंच मला."

"आश्रम फोनवर दुभाषी मागू शकतो. त्यांना सांगा."

"सांगतो. पण फोन तिच्या कानाला लावला की ती बाजूला सारते, मी करून पाहिलं आहे. आणि मी परवा परत जाणार. इथं राहायची परवानगी तेवढीच आहे." ते अडखळले. "ताई, तुमचं कधी या बाजूला येणं झालं तर—"

साहेब लाइनवर परत आले. काचघराची भरपाई जादा विम्यातून थेट आश्रमाला मिळेल, म्हणाले. भाड्याच्या गाडीचा मागचा दिवा फुटला होता, तो मात्र चष्मेवाल्यांकडे. "आणखी काही?"

"त्या ताईंना थँक्यू म्हणा," चष्मेवाले म्हणाले.

बाईंनी ते इमानानं पोचवलं. "कोणत्या बाई?" साहेबांनी विचारलं. बाईंना स्वतःचीच ओळख करून द्यावी लागली.

कॉल रेकॉर्ड होतात. त्याच दिवशी बाईंनी आपल्या वरिष्ठांना फोन करून, मी नियम मोडला, असं स्वतःहून सांगितलं.

"लेखी ताकीद द्यावी लागेल तुम्हाला," वरिष्ठ बाई म्हणाल्या. "आणि यापुढे त्या गृहस्थांचा किंवा त्या आश्रमाचा कॉल तुमच्याकडे येणार नाही."

"चालेल."

"सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे जाता, ते कंपनी विचारत नाही," असं म्हणून वरिष्ठ बाईंनी फोन ठेवला.

बाईंनी गाडीचं लायसन्स दर वेळी नवं करून घेतलं होतं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढच्या रविवारी त्या आपल्या गावातल्या भाड्याच्या गाड्यांच्या कचेरीत गेल्या. काउंटरवरच्या माणसानं तेच सगळं त्याच क्रमानं विचारलं. बाईंना प्रश्न पाठ होते, उत्तरं मात्र सुचेनात. त्यांनी इतका वेळ लावला, की त्या माणसाला वाटलं, यांना भाषा येत नाही. "दुभाषी हवा का?" त्यानं विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "जादा लायबिलिटी द्या."

आश्रमाचा पत्ता साहेबांच्या कॉलमध्ये आला होता. रस्ता डोंगरातून जात होता. बाई इतक्या हळू चालवत होत्या, की मागे वाहनांची वरात लागली. एका वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली, सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि तळव्यांचा घाम पदराला पुसून पुन्हा निघाल्या.

आश्रमात नर्सनं त्यांना खोलीपर्यंत नेलं. काचघराला नव्या काचा बसत होत्या. अक्का खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. ठेंगण्या, केस बारीक कापलेले, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा असा मोठा स्वेटर. बाई म्हणाल्या, "कशा आहात अक्का?"

अक्कांनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "किती उशीर केलास. पाणी जाईल आता नळाचं. भरून ठेव आधी."

"भरते," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी अक्का पुष्कळ बोलल्या. नळाबद्दल, न आलेल्या शिंप्याबद्दल, कुणा धाकट्याच्या डांग्या खोकल्याबद्दल. त्यातलं एकही माणूस बाईंच्या ओळखीचं नव्हतं आणि बहुधा एकही जिवंत नव्हतं. पण बाई हुंकार देत राहिल्या. नर्सनं येऊन विचारलं, काय म्हणतात त्या? बाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि 'मला नळाचं पाणी भरायचं आहे' असं म्हणता म्हणता सावरून म्हणाल्या, "घरचं काहीबाही बोलताहेत."

मग त्या एक रविवार सोडून एक जाऊ लागल्या. अक्कांनी त्यांना कधी भावजय केलं, कधी शेजारीण, एकदा तर शाळेतली बाई. एका दुपारी चेहरा निरखून विचारलं, "तू कुणाची गं?" बाई शब्द जुळवेपर्यंत अक्का प्रश्न विसरल्या.

घरी परतल्यावर त्या चष्मेवाल्यांना फोन करत; नंबर आश्रमातून मिळाला होता. अक्का काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगत. चष्मेवाले मधेच "हां, तो शिंपी! तो पळून गेला होता नंतर," असं काहीतरी सांगत. हळूहळू सांगण्यासारखं कमी होत गेलं. अक्का वाक्यं अर्धी सोडू लागल्या, मग शब्द, मग नुसत्याच बघत. बाई शेजारी बसून कडा दुमडत राहायच्या आणि त्यांनीच काहीबाही बोलायचं, असं झालं. इतकं स्वतःचं त्या गेल्या कित्येक वर्षांत कुणाशी बोलल्या नव्हत्या. लेथ, कानांतले बोळे, मुलगी, सगळं सांगून झालं. अक्कांना त्यातलं किती कळलं, ते कळायला मार्ग नव्हता.

थंडी संपता संपता अक्का गेल्या. दोन नर्सा, माळी आणि बाई, एवढीच माणसं होती. चष्मेवाल्यांना येणं जमलं नाही. बाईंनी फोन करून सगळं नीट सांगितलं. कोण कोण होतं, काय काय केलं, हवा कशी होती.

त्यानंतरही ते महिना दोन महिन्यांनी फोन करत. बोलायला फारसं काही नसायचं. दुकान पुतण्याकडे दिलं, गुडघे दुखतात, एवढंच. मग बाईंना पलीकडून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत.

एकदा असंच बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "ताई, तुमचं जेवण झालं का?"

"हो, झालं," बाई म्हणाल्या. भात अजून शिजायचा होता.