खायची चांदी

मालकांनी टेबलावर चंदेरी पावडरची डबी आपटली, तेव्हा पेंटर केकच्या कडेवरून पट्टी फिरवत होता.

"हीच लावायची," मालक म्हणाले. "परवाचा नमुना पाहिला मी. तुझी ती खायची चांदी धुतलेल्या राखेसारखी दिसते. आपल्या गॅरेजचा रौप्यमहोत्सव आहे, पेंटर! केक बॉनेटसारखा चकाकला पाहिजे."

पेंटर हे नाव त्यांनीच पाडलेलं. बावीस वर्षं त्यांच्या गॅरेजात तोंडाला रुमाल बांधून त्यानं गाड्यांवर चंदेरी रंग फवारला. मालक म्हणतील तो रंग, मालक म्हणतील ती वेळ. त्या बावीस वर्षांत त्यांना एकदाही "नाही" म्हटलं नाही. शेवटी ते छातीनं म्हटलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि फवारणी बंद केली. मालकांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं.

त्यानंतर तो सुनेच्या केकच्या दुकानात आला. "बाबा, हे बटरक्रीम म्हणजे तुमची लांबीच समजा," ती म्हणाली होती. आणि खरंच, गाडीचे खड्डे बुजवायची लांबी काय आणि हे लोणी काय, पट्टीखाली दोन्ही सारखीच हट्टी. फक्त पहिल्या आठवड्यात घोटाळा झाला. पत्रा सपाट झालाय का, हे डोळ्याला कळत नाही, तळहाताला कळतं. त्या सवयीनं त्यानं एका तयार केकवरून अख्खा तळहात फिरवला. पाचही बोटं उमटली. सुनेनं कपाळाला हात लावला. "आता गिऱ्हाईकाला काय सांगू? आशीर्वाद दिलाय म्हणून?"

आज मात्र ती हसत नव्हती. मालकांचं बिनसलं तर त्यांच्या ओळीतली सगळी गॅरेजं केकसाठी दुसऱ्या दुकानाकडे वळली असती.

पेंटरनं चष्मा चढवून डबी फिरवली. "सजावटीपुरती, असं लिहिलंय."

"त्याच्याखाली वाच. बिनविषारी."

"खायची आहे, असं कुठं लिहिलंय?"

"अरे, एवढंसं खाऊन कोणी मरतं का?"

पेंटरला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत दोघंही थांबले. मग तो म्हणाला, "मी बावीस वर्षं एवढंसंच खात होतो, मालक. ही लागणार नाही. पाच वाजता या, नाही आवडला तर केक इथंच ठेवा."

मालक निघून गेले. डबी तिथंच राहिली.

"बाबा, चकाकला नाही तर?" सुनेनं विचारलं.

"चमक पावडरीत नसते गं. खालच्या पत्र्यात असते."

त्यानं केक फ्रिजमध्ये ठेवून दगडासारखा घट्ट केला. पट्टी गरम पाण्यात बुडवायची, कोरडी पुसायची, एकदाच फिरवायची. पुन्हा फ्रिज. बाहेर काढल्यावर केकला घाम फुटला, तेव्हा त्यानं चांदीला हात लावला नाही. ओल्या पत्र्यावर रंग चढवणारा पेंटर जन्मभर डागच पुसत बसतो. सून घड्याळाकडे बघत होती. तो केकवरचे थेंब कागदानं टिपत होता, तापलेल्या मुलाचं कपाळ टिपावं तसा.

मग खायची चांदी. पाण्यात कालवली की ती लोण्यावरून थेंबाथेंबानं निसटते. लिंबाच्या जहाल अर्कात कालवली की अर्क उडून जातो, चांदी मागं राहते. पहिला हात विरळ बसला, कुंचल्याच्या रेघा दिसल्या. "झालं, राख," सून पुटपुटली. तो वाळेपर्यंत थांबला. दुसरा हात आडवा, तिसरा उभा. चौथ्या हाताला केकच्या अंगात खिडकीचा उजेड उतरला आणि तिथंच राहिला.

बरोबर पाचला मालक आले. केकभोवती फिरले, वाकले, डोळे बारीक केले.

"बॉनेट नाही झालं."

"नाही झालं," पेंटर म्हणाला. "खूप वापरलेल्या चांदीच्या ताटासारखं झालंय."

"माझी डबी लावली असतीस तर…"

पेंटरनं दोन चमचे घेतले. एकावर उरलेली खायची चांदी ओतली, दुसऱ्यावर त्या डबीतली चिमूट ठेवली. दुसरा चमचा मालकांच्या हातात दिला.

"बाबा, अहो!" सून ओरडली.

"मी माझी चाटतो. तुम्ही तुमची चाटा. मग तुमचीच लावू."

त्यानं आपला चमचा जिभेवरून सावकाश ओढला. ओठ चंदेरी झाले. मालकांचा चमचा हनुवटीपर्यंत आला. पावडर खरोखरच आरशासारखी होती. तिच्यात त्यांना आपलं नाक दिसलं असावं. मग त्यांनी चमचा अलगद टेबलावर ठेवला आणि बोटं पँटला पुसली.

"पेंटर, तू पहिल्यापासून असाच होतास का रे?"

"नाही ना. म्हणून तर खोकतोय."

त्यानं केकचं खोकं दोन्ही हातांवर उचललं. सून मदतीला पुढं आली, त्यानं मानेनंच नको म्हटलं.

"दार धरा, मालक," तो म्हणाला. "आणि केकला हात लावू नका. ठसे उमटतात."

मालकांनी दार धरलं.