देवापुढे भरलेली टाकी

आमचे पूर्वज फौजेबरोबर माळव्यात आले म्हणे. आले असतील. तलवार केव्हाच गेली, जहागीर तर कधी नव्हतीच, उरली ती खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. आता हत्यारं कसली डोंबलाची? एक विळा, एक कुदळ, आईची शिवणाची कात्री आणि नानांच्या दोन चेनसॉ.

नाना म्हणजे माझे वडील. देवासची नोकरी संपली तसे ते आणि आई उदयनगरकडे आमच्या शेतावर जाऊन राहिले. मी देवासलाच, शनिवारी जायचो. बांधावरच्या बाभळी छाटायला नानांनी ती पेट्रोलवर चालणारी करवत घेतली. ती पेलवेना म्हणून दुसरी, हलकी घेतली. वापर किती? वर्षातून एकदा, हिवाळ्यात. बाकी सगळे दिवस दोन्ही मशिनी कोठीत गोणपाटाखाली.

अशी मशीन ठेवायची एक रीत असते. काम झालं की टाकी रिकामी करायची, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायची, म्हणजे आत थेंब उरत नाही. पेट्रोल महिनोन्‌महिने आत राहिलं तर त्याचा चिकटा होतो आणि कार्बोरेटरची बारीक वाट बुजते. एवढंच. शेंबड्या पोरालाही कळेल. नाना भुसा जुन्या टूथब्रशने घासून काढायचे, साखळीला तेल द्यायचे, पात्यावर कव्हर चढवायचे. लेकींचं केलं नसतं इतकं त्या मशिनींचं करायचे. पण टाकी खंडेनवमीला भरायची म्हणजे भरायचीच.

हा आईचा कायदा. रिकामं अवजार देवापुढे ठेवायचं नाही. तिच्या माहेरी धान्याचं मापसुद्धा पूजेला रिकामं ठेवत नसत. "आधी पोटोबा, मग विठोबा," म्हणत ती स्वतः नरसाळं लावून टाक्या काठोकाठ भरायची. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. आणि पूजेचं भरलेलं पुन्हा ओतून काढायचं नाही, तो अपशकुन.

मी दरवर्षी डोकं फोडून घ्यायचो. "अगं आई, ते यंत्र आहे, जेवायला बसवलेला ब्राह्मण नव्हे!"

"तू गप रे. तुझी गाडी रिकामी ठेवतोस का?"

कप्पाळ! नाना गालात हसायचे. "रेन दे भिया," अस्सल माळवीत मला म्हणायचे, "राहू दे, तिच्या मनासारखं होऊ दे." हिवाळ्यात छाटणी निघायची, भरलेलं पेट्रोल संपायचं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. गेल्या हिवाळ्यात नानांचा गुडघा धरला आणि छाटणी झालीच नाही. दसऱ्याला भरलेल्या टाक्या वैशाखापर्यंत तशाच राहिल्या. मला ते ठाऊक होतं, नानांनाही होतं. अपशकुन कोण करणार?

त्या शनिवारी दुपारी आंधी आली. आमच्याकडची आंधी म्हणजे अर्धा तास धूळ आणि मग सगळं शांत. ती शांत झाली आणि आई ओट्यावर बसली ती छातीवर हात धरून. घामाने निथळत होती. मी गाडी काढली, तिला मागच्या सीटवर निजवलं, आणि फाटकाबाहेर पडलो तर वाटेवर आंधीने पाडलेला नीम, म्हणजे कडुनिंब, आडवा. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला दगडी बांध. आईला उचलून पलीकडे न्यावं तर पुढे वाहन नाही, आणि फोनला नेटवर्क नाही.

नाना लंगडत दोन्ही मशिनी घेऊन आले. मोठीची दोरी ओढली. नाही. धाकटीची ओढली. नाही. मी त्यांना बाजूला ढकललं आणि ओढत राहिलो. जुनं ओतून नवं पेट्रोल घातलं, तरी नुसती खुसखुस. वाट आत बुजलेली, वरून नवं घालून काय होणार? नाना त्या मशीनला शिव्या देत होते, मग हात जोडत होते, मग पुन्हा शिव्या. आई गाडीतून क्षीण आवाजात म्हणाली, "भरलेली आहे रे ती. मी भरलीय." आता सुरू होईल, असा धीर ती आम्हाला देत होती.

शेवटी वस्तीवरचे लोक कुऱ्हाडी घेऊन धावत आले. निमाचं लाकूड ते, लवकर तुटतंय कशाला! वाट मोकळी झाली तेव्हा आई डोळे मिटून पडली होती. इंदूरच्या रस्त्यालाच गेली.

"आधी पोचलो असतो तर?" मी दवाखान्यात विचारलं. "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. हे 'सांगता येत नाही' उशाशी घेऊन मी झोपतो. दोष द्यायचा तर कोणाला? जिने भरलं तिलाच नडलं. तिच्यावर रागावलो की माझीच मला लाज वाटते, आणि राग तर जात नाही. देवावर काढावा, तर त्याने कुठे टाकी मागितली होती?

तेरावा झाल्यावर मी त्या दोन्ही मशिनी विहिरीत टाकायला निघालो होतो. नाना आडवे आले. मग मीच त्या देवासला नेऊन साफ करून आणल्या. का, कोण जाणे. तेव्हापासून नाना दर चार दिवसांनी त्या बाहेर काढतात, मशिनीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय तसं सगळं करतात, थेंबभर ठेवत नाहीत. दुसरं काही करत नाहीत. जेवायचीही आठवण करून द्यावी लागते.

मागच्या शनिवारी मी गेलो तेव्हा ते अंगणात मोठी घेऊन बसले होते. दोरी एकदाच ओढली आणि ती गरजली. नाना उभे राहिले, डोळे मोठे करून माझ्याकडे वळले आणि त्या आवाजावर ओरडले, "चालू झाली! चल, तिला गाडीत बसव!"

मी जवळ जाऊन बटण बंद केलं. त्यांचा दंड धरून म्हणालो, "नाना, आई नाही."

"माहितेय रे," ते म्हणाले. "पण आता चालू होते ना."