बॅगेखालचं राशिभविष्य

नवऱ्याच्या पोटातून निघालेल्या पाण्यातून मी रोज सकाळी माझं भविष्य ऐकायचे.

खोटं वाटेल, पण आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरात हेच चालायचं.

आमचे हे, म्हणजे तुम्हा सगळ्यांचे दत्ताभाऊ. वाळूजच्या कारखान्यातली नोकरी चालू असतानाच किडन्या गेल्या. मग घरीच पोटाचं डायलिसिस. नळीतून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी बाहेर प्लॅस्टिकच्या बॅगेत काढायचं. त्या वेळी खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. भर मे महिन्यातसुद्धा!

भरलेली बॅग पेपरवर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली की पाणी स्वच्छ. नाहीतर पोटाच्या आतल्या अस्तराला इन्फेक्शन.

आमचे हे ती बॅग मुद्दाम पेपरातल्या माझ्या राशीवर ठेवायचे.

"कन्या. नवऱ्याशी गोड बोला, लाभ होईल."

"असलं काय छापलेलं नसतं हं!"

"मग तू वाच. चष्मा कुठंय तुझा?"

एका सकाळी असंच घडाघडा वाचलं. "कन्या. दिवस लई मजेत जाईल."

मी चहा घेऊन आले, तर बॅग तांदळाच्या धुवणासारखी पांढरी. खालचं एक अक्षर दिसत नव्हतं.

"अहो, कुठून वाचलं तुम्ही?"

"पाठ झालंय आता."

हसत होते. हात मात्र पोटावर दाबलेला.

ते इन्फेक्शन बरं झालं. पुन्हा झालं. शेवटी नळी काढली, दवाखान्यात मशीनवरचं डायलिसिस सुरू झालं. वाटलं, सुटलो.

मग दोन घास खाल्ले की उलटी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शननं अस्तर जाड झालंय, त्यानं आतडी आवळून धरलीत. फार क्वचित होतं असं.

"एवढ्या मोठ्या शिफ्टमधून क्वचितवाला मीच सापडलो व्हय?"

डॉक्टरही हसले. मला नाही जमलं.

खाण्याचा किती शौक होता या माणसाला! शेवटी सगळं सलाईनवर. तरी रोज विचारायचे, "आज काय केलंस?"

मी सांगायचे. वरण, भाकरी, ठेचा.

डोळे मिटून ऐकायचे, अन् म्हणायचे, "मीठ बरोबर हाय."

हे जाऊन आज वर्ष झालं. स्वयंपाक केलाय, पण मीठ बरोबर आहे का, कुणाला विचारू?

पेपर अजून येतो. त्यातली छापलेली रास मला नकोय. अहो, तुमची खोटी पाहिजे, तुमच्या आवाजात.

तुमच्या फोटोला नमस्कार करते.

एकदाच म्हणा, "दिवस लई मजेत जाईल."

मी बॅग बघायला येणार नाही.