रावसाहेबांची छत्री आणि माझी शिट्टी

सामना बरोबरीत होता, वेळ संपत आली होती आणि अकोल्याचा अंबादास फ्री थ्रोच्या रेषेवर उभा होता. त्याने गुडघे वाकवले आणि बॉल दोन्ही हातांनी पायांच्या मधे नेला. तेव्हा तशीच पद्धत होती. खालून वर टाकायचा.

"अबे पाहा, इहिरीतून बादली काढून रायला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"सांभाळ रे, दोर तुटते!" दुसऱ्याने साथ दिली.

सारं मैदान हसलं. मी शिट्टी दातांत धरली आणि चहूकडे अशी नजर फिरवली, जणू जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर मीच.

प्रत्यक्षात मी अमरावतीच्या एका हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो. तोही टेम्पररी. इंग्रजी अमलातल्या सी. पी. अँड बेरारचे दिवस. बास्केटबॉल वऱ्हाडात नवा होता. लोकांना कुस्ती कळायची, हुतूतू कळायचा. हा 'टोपलीचा खेळ' कळायचा नाही. त्यामुळे ज्याने नियमांचं पुस्तक हातात धरलेलं आहे, तो रेफरी. मी धरलं होतं. वाचलं होतं असा दावा मी तेव्हा करायचो, आता करत नाही.

फायनल होती आमच्याच शाळेची आणि अकोल्याच्या एका हायस्कुलाची. म्हणजे यजमान आम्ही, खेळणारे आम्ही आणि रेफरीही आमचाच. यात कोणालाच काही खटकलं नाही. मला खटकलं, पण उलट्या बाजूने. ठरवलं, आज असा निःपक्षपातीपणा दाखवायचा की लोकांचे डोळे दिपले पाहिजेत.

आता फ्री थ्रो म्हणजे काय, ते सांगतो. एका बाजूने धक्काबुक्की केली की दुसऱ्या बाजूच्या खेळाडूला रेषेवर उभं करतात. समोर रिंग, आडवा कोणी नाही. टाक बॉल, पडला तर एक पॉइंट. एवढं सोपं, म्हणूनच अवघड. त्या क्षणी त्याचं लक्ष उडवायचं नाही, असा नियम आहे. ना समोरच्या खेळाडूंनी, ना त्यांच्या पाठीराख्यांनी.

हा नियम लोकांना समजावा म्हणून सामन्याआधी मी पत्र्याचा भोंगा घेऊन उभा राहिलो. "रिंगच्या फळीमागे रुमाल हलवायचे नाहीत. डबे बडवायचे नाहीत. आरशाने उन्हाची तिरीप मारायची नाही. खोटं शिंकायचं नाही. छत्र्यांची उघडझाप करायची नाही."

तोवर बिचाऱ्यांना फक्त ओरडता येत होतं. आरशाची कल्पना त्यांना जन्मात सुचली नसती. मी अभ्यासक्रम जाहीर केला आणि लोकांनी लगेच परीक्षा द्यायला सुरुवात केली. पहिल्या फ्री थ्रोला रॉकेलचा डबा वाजला. दुसऱ्याला कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा आरसा हजर झाला, न्हाव्यासकट. तिसऱ्याला एक सभ्य वकीलसाहेब इतक्या जोराने शिंकले की त्यांची टोपी पडली. दर वेळी मी तत्काळ शिट्टी फुंकली. दर वेळी अकोल्याचा बॉल चुकला आणि मी रुबाबात पुन्हा टाकायला लावला. सगळं सुरळीत चाललंय, असं मला वाटत होतं.

अकोल्याचे गेम्स मास्तर, काझी मास्तर, एकदा जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, शिट्टी जरा लवकर होऊन रायली."

"काझी मास्तर, कायद्याला उशीर चालत नाही," मी म्हणालो. असली वाक्यं मला त्या वयात फार सुचत.

रिंगच्या बरोबर मागे सोफा टाकला होता. त्यावर आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष, रावसाहेब. जिनिंग प्रेसचे मालक. रावसाहेबकी नुकतीच मिळालेली, त्यामुळे ती अजून अंगात बसायची होती. सोफा तिथे नको, असं मी हेडमास्तरांना सुचवलं होतं. आमचे हेडमास्तर पुण्याचे. ते म्हणाले, "अहो, फोटोग्राफरला तिथेच उजेड बरा मिळतो. आणि तुमच्या पर्मनंटचा कागद कोणाच्या सहीला जायचाय, हे ध्यानात असू द्या."

ध्यानात होतं. म्हणूनच रावसाहेबांकडे मी बघतच नव्हतो.

तर अंबादास रेषेवर. पातूरकडचा पोरगा, घरची फुलांची बाग, अंगाने काटकुळा, अकोल्याचा कॅप्टन. हा बॉल पडला की शिल्ड अकोल्याला. त्याने श्वास घेतला, हात वर गेले, बॉल सुटला. नेमक्या त्याच क्षणी रिंगमागे चांदीच्या मुठीची काळी छत्री फाडकन उघडली. रावसाहेबांची.

माझ्या अंगात वीरश्री संचारली. अध्यक्ष असोत नाहीतर लाटसाहेब, नियम म्हणजे नियम! मी गाल फुगवून शिट्टी फुंकली.

आणि बॉल रिंगला न शिवता जाळीतून खाली आला.

अकोल्याची पोरं नाचायला लागली. मी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्या डोक्यात तर्कशास्त्र सुरू झालं होतं. शिट्टी वाजली म्हणजे खेळ थांबला. थांबलेल्या खेळात पॉइंट कसा?

"पुन्हा टाक," मी म्हणालो.

अंबादास माझ्याकडे बघतच राहिला. "काहून जी? पडला न!"

"शिट्टी झाली होती."

"शिट्टी तं तुमी वाजवली! मी काय केलं?"

काझी मास्तर धावत आले. "वा! छत्री उघडली तुमच्या लोकायनं, बॉल टाकला आमच्या पोरानं, आन सजा बी त्यालेच? हा कुठला इन्साफ?"

"रेफरीचा निर्णय अंतिम असतो," मी म्हणालो. हा नियम मात्र मला पाठ होता.

अंबादासने पुन्हा बॉल घेतला. आता कोणी ओरडेना, कोणी शिंकेना. छत्रीही मिटलेली. पोरगा रिंगकडे बघायचं सोडून माझ्या तोंडातल्या शिट्टीकडे बघत होता. बॉल रिंगवर गरगर फिरला आणि बाहेर पडला. जादा वेळ द्यावा लागला. त्यात अकोल्याच्या पोरांचे पायच उचलेनात. आमची शाळा जिंकली.

टांग्यात बसायच्या आधी काझी मास्तरांनी मला नियम सांगितला. "पयले हात वर करा, तोंड बंद. बॉल खाली येऊ द्या. पडला तं पॉइंट, छत्री गेली चुलीत. नाही पडला, तं मंग वाजवा शिट्टी आन द्या दुसरा चान्स." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी बेइमान नोहे, हे मले समजते. बेइमान मानूस इतका उघडा पकडल्या जात नाही."

मी तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. तिथे रावसाहेबांच्या पुढ्यात शिल्ड होतं आणि संत्र्यांचं ताट होतं.

"साहेब, निर्णय चुकला. शिल्ड अकोल्याचं आहे," मी म्हणालो.

"चूक कसली?" हेडमास्तर हसले. "फार मुत्सद्दीपणे सोडवलंत."

"तसं नाही साहेब, मला नियमच—"

"अबे, छत्री मी कावून उघडली?" रावसाहेब संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाले. "तूच तं भोंग्यावर सांगतलं, छत्रीनं नेम चुकते म्हनून. पोरानं नेम नाही चुकवला, तं तू चुकवला. मले असाच मानूस पायजे!"

"पण रावसाहेब, शिल्ड परत—"

"परत देतो म्हनशील तं छत्रीची गोष्ट निंगन. मंग माह्यी काय इज्जत?"

इज्जत होती, असं गृहीत धरून मी गप्प बसलो. त्याच महिन्यात पर्मनंट झालो. समितीच्या ठरावात 'प्रसंगावधान' हा शब्द होता. मी लबाड आहे, यावर अमरावती आणि अकोला या दोन्ही गावांचं एकमत झालं होतं. हा गुण की दुर्गुण, एवढ्यापुरताच वाद होता.

पुढच्या वर्षी सामने अकोल्याला. फायनलला पुन्हा हेच दोन संघ आणि काझी मास्तरांनी मुद्दाम मागून घेतलेला रेफरी मी. माझ्यावर विश्वास होता की सूड उगवायचा होता, हे त्यांनी सांगितलं नाही. आमचा कॅप्टन पहिल्या फ्री थ्रोला उभा राहिला आणि रिंगमागे शेपन्नास छत्र्या एकदम उघडल्या. ऐन थंडीत.

"काझी मास्तर, हे काय?"

"अकोल्याचं ऊन हाये बाप्पा," ते आकाशाकडे बघत म्हणाले. "लोकायले लागते."

मी शिट्टी खिशात घातली. हात वर केला. तोंड बंद. आमच्या कॅप्टनने बॉल टाकला, चुकला. नियमाप्रमाणे दुसरा चान्स. पुन्हा छत्र्या, पुन्हा चुकला. पुन्हा चान्स. असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण शेवटी एकदाचा बॉल पडला. मी पॉइंट दिला. छत्र्या कंटाळून मिटल्या. रिंगखाली उभा असलेला अंबादास माझ्याकडे बघून म्हणाला, "आता आलं मास्तरले."

सामना अकोल्याने जिंकला; सरळ, चांगल्या खेळाने. अंबादासने शिल्ड डोक्यावर धरलं.

परत निघताना, संघाबरोबर आलेल्या रावसाहेबांनी मला बाजूला घेतलं. पाठीवर थाप मारली.

"हारलो तं हारलो. पन तू आपल्या पोराले चान्सवर चान्स देऊन रायला होता, ते पायलं म्या. पक्का मानूस हायेस!"

तेव्हापासून मी नव्या रेफरींना एकच गोष्ट शिकवत आलो. बॉल हवेत असेपर्यंत तोंड बंद ठेवा. तो खाली आल्यावर बोललात तरी लोक तुम्हाला लबाडच म्हणणार. पण निदान पॉइंट ज्याचा त्याला मिळतो.