काळी बाजू

दर सोमवारी जळगाव-धुळे एसटीत खिडकीची जागा एक प्राध्यापक हमखास पटकावत. धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सुट्टीत मुंबईच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूच्या एकाच बाजूला कंपवात घडवून अभ्यास करायचे. कुणी विचारो न विचारो, त्या मेंदूच्या कापांची एक्स-रेसारखी फिल्म खिडकीच्या काचेला लावत. हात कुणाला लावू देत नसत. "लांबून," एवढंच म्हणायचे. मला ती मिरवायची हौस वाटे.

एकदा पारोळ्याला हात थरथरणारे एक आबा शेजारी बसले. फिल्म बघून त्यांनी विचारलं, "हाई काळी बाजू मरी गयी का?"

"नाही आबा. तिथे डोपामिन नावाचं रसायन पोचत नाही, म्हणून ते झेलणारे रिसेप्टर वाढलेत. जिथे ते जास्त, तिथे फिल्म काळी."

"मंग माले फरक पडी का?"

"हे उंदराचं आहे. तुमचं डॉक्टर सांगतील. पण मेली असती तर ही बाजू इतकी काळी झाली नसती."

आणि त्यांनी फिल्म आबांच्या हातात दिली.

आबा मुकटीला उतरले. फिल्मच्या मधोमध अंगठ्याचा ठसा उमटला होता. आता रुमाल निघेल, म्हणून मी बघत राहिलो. त्यांनी ती तशीच पाकिटात सरकवली.

पुढच्या सोमवारी काचेला तीच फिल्म होती, ठशासकट.