तळहाताएवढे म्हातारे

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या उन्हाळ्यात माझ्याच तळ्याच्या काठावर मला माझ्याच माशांबद्दल शिकवायला माणूस आला. परका असता तर दोन शब्दांत बांधाबाहेर घातला असता. पण तो जवाई होता. जवायाला उलट बोलता येत नाही, तो बोलत असताना उठून जाता येत नाही, आणि वरून त्याच्या ताटात रस वाढावा लागतो.

लेक उन्हाळ्याची माहेरी आली होती, तिला न्यायला हे अकोल्याहून आले. तिकडं ते कॉलेजात माशांचं शिकवतात. माझ्या मते मासा ही शिकवायची गोष्ट नाही, धरायची गोष्ट आहे. पण सरकार पगार देते तर मी चौथी शिकलेला माणूस काय बोलणार.

आमचं गाव भातकुलीकडं, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी ढोरंही तोंड वाकडं करून पितात. म्हणून शेततळं केलं, पावसाचं पाणी साठवलं, आणि त्यात मी चिलापी मासे सोडले. चांदूर रेल्वेच्या एका ओळखीच्या माणसाकडून दुधाच्या कॅनमध्ये आणले होते, एसटीत कॅन दोन्ही पायांत घट्ट धरून. कंडक्टर म्हणाला, "दूध सांडून राहिलं, बाबा." मी म्हटलं, "सांडू दे, दूध नायी थे." त्यानंतर मी एक पिल्लू विकत घेतलं नाही. चिलापी तळ्यातल्या तळ्यात अंडी घालते, पिलावळ आपोआप वाढते. बाकीचे लोक दरसाली मत्स्यबीज आणायला धावायचे आणि मी ओट्यावर बसून हसायचो. घरचं बी ते घरचं बी.

माझी पद्धत साधी. पावसाळ्याच्या तोंडावर रुंद फासाचं जाळं ओढायचं. मोठे अडकले की ते अमरावतीच्या बाजारात. बारके फासातून निसटायचे, त्यांना म्हणायचं, जा, वाढा, पुढच्या साली भेटू. यात चूक काय आहे ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

पण मासे बारीक होत गेले. पहिल्या सालांत कोपराएवढा मासा निघायचा. मग वीतभर. त्या उन्हाळ्यात तळहाताएवढा. बाजारातली मासेवाली माझी टोपली बघून म्हणाली, "बाबा, हे इकाले आणले का मांजरीले टाकाले?" टोपली उचलून मी तसाच परत आलो.

माझा पोरगा तोवर मोहाच्या ढेपीची, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीची, पोती आणून गोठ्यात रचून बसला होता. ही ढेप भिजवून तळ्यात टाकली की सगळा मासा मरून वर येतो. मग पंधरा-वीस दिवसांनी तळं सुधरते आणि नवं बीज सोडता येते. मी म्हटलं, माझ्या तळ्यात विष टाकाचं नायी. तर तो म्हणतो, "जवाईबापू येऊन राहिले ना, त्यायले इचारू. थे म्हणाले टाका, तं मी टाकतो." म्हणजे मासे माझे, तळं माझं, आणि निकाल अकोल्याच्या पाहुण्याच्या तोंडी.

दुपारी बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कणकेचे सरगुंडे आणि आंब्याचा रस केला. जवायानं पोटभर खाल्लं, ढेकर दिली, आणि ऊन कलल्यावर स्वतःच म्हणाले, "चला मामा, तुमचे मासे पाहू." मी, पोरगा आणि बुढी, सगळे मागं निघालो. बुढीला तिथं काय काम होतं देव जाणे.

तळ्यात कमरेएवढंच पाणी उरलं होतं. पोरानं बारीक जाळं फेकलं, त्यात पंचवीस-तीस बारक्या चिलाप्या आल्या. जवायानं एक उचलली आणि अंगठ्यानं तिचं तोंड उघडलं. आत पिवळे दाणे भरलेले.

"मामा, हे काय हाये?"

"अंडी. चिलापी तोंडातच अंडी उबवते. हे मलेही माहीत हाये."

"मंग ही कोण?"

"पिल्लू. दुसऱ्या कोणाची अंडी तोंडात घेतली असन."

ते हसले. जवाई हसला की सासऱ्याला हसावं लागते, मी नाही हसलो. "मामा, हे पिल्लू नाही. ही लेकुरवाळी आहे. हिला वयात येऊन किती दिवस झाले असतील. आता ही वाढणार नाही, खाल्लेलं सगळं अंड्यात चाललं."

मी म्हटलं, खाऱ्या जमिनीचा गुण पाण्यात उतरला असेल. ते म्हणाले, चिलापीला एवढं खारं पाणी सोसते. मी म्हटलं, तळ्यात गर्दी झाली. तर म्हणाले, "गर्दीनंही होते, खोटं नाही. गर्दीत मासा लवकर वयात येते. पण ते अर्धं. अर्धं रक्तातलं आहे."

"रक्तातलं म्हंजे?"

"जसं काही घराण्यात पोरांना मिशा लवकर फुटतात, तसं. मासा वयात कधी येणार हे मायबापाकडून येते. काही उशिरा येतात, ते आधी वाढून घेतात, मोठे होतात. काही लवकर येतात, ते बारकेच राहतात. तुमच्या जाळ्यात कोण अडकले? मोठे. म्हणजे उशिरा येणारे तुम्ही दरसाली बाजारात नेले, अंडी घालायच्या आधीच. मागं कोण राहिले? लवकर येणारे. मग त्यांचीच पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं. मामा, तुम्ही इतके साल बारक्याचंच बी धरलं."

हे सगळं अगदी गोड आवाजात. मी म्हटलं, "मी काहून बारक्याचं बी धरीन? बाजारात बारका कोणी घेत नायी, म्हणून मोठा नेला. तुमच्या पुस्तकात बाजार नसते का?"

"बाजार आहे ना. म्हणूनच हे होते."

पोरगा लगेच म्हणाला, "मंग टाकू ना ढेप?" जवाई म्हणाले, टाका, आणि सगळे नरच असलेलं बीज मिळते, ते आणा, अंडीच नको, कटकटच नको. नुसते नर! मी म्हटलं, हे तळं हाये का पोलीस भरती? दरसाली ते विकत आणायचं, म्हणजे माझं घरचं बी संपलं, आणि मीही त्या धावणाऱ्यांच्या रांगेत.

बुढी इतका वेळ पदराचा वारा घेत उभी होती. ती म्हणाली, "एवढा काहून ताव खाऊन राहिले? जवारीचं कणीस निवडता तवा सगळ्यात भरलेलं बियाण्याले बांधून ठेवता. पोराले हात लावू देत नायी. न् मासा निवडता तवा भरलेला इकून येता. मंग कोंडाच उगवन का नायी?"

जवाई म्हणाले, "मामीनं बरोबर सांगितलं." मला दोघांचाही राग आला. जवारी जागेवर उभी असते. मासा पाण्यात असतो, दिसत नाही. हे कोणाच्या लक्षात येत नाही.

घराकडं चालताना पोरगा म्हणाला, सकाळी ढेप भिजवतो. मी जवायाला विचारलं, "या तळ्यात एखादी उशिरा येणारी राहिली असन का?"

ते थांबले. "राहिली असेल, मामा. पण मोठा दिसला की तो बहुतेक नर असते, नर तसेही वाढतात. मोठी मादी पाहिजे, जी आत्ता कुठं वयात आली. ती आणि दोन-चार मोठे नर वेगळे ठेवले, पुढंही दरवेळी मोठेच राखले, बारके काढत गेलं, तर बी सुधरते. पण एका पिढीत काही होत नाही. लय साल लागतील."

"मले कोणती घाई हाये?"

पोरगा तोंड फिरवून हसला. हसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जवायाला चहाच्या आधी उठवलं. बुढी ओरडली, पाहुण्याले चिखलात नेता का? मी ऐकलं नाही. रुंद जाळ्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, एक मी धरलं, आणि तळं या काठापासून त्या काठापर्यंत दोनदा ओढलं. अडकले ते थोडेच. जवाई एकेकाला उलटा करून पोटाखालून बघत आणि सांगत, नर, नर, नर. शेवटच्या ओढीत तीन माद्या निघाल्या, वीतभराच्या वर. त्या आणि चार नर मी बादलीनं ढोरांच्या हौदात नेऊन सोडले, वर ओलं तरट टाकलं, आणि ढोरांना पाणी शेजारच्या नळावरून आणा म्हणून सांगितलं. मग गोठ्यातून ढेपीचं पहिलं पोतं मीच ओढत काढलं आणि पाण्यात भिजवलं. पोरगा धावत आला, "बाबा, मी टाकतो." मी म्हटलं, "सरक. सोडले मी, काढतोही मीच." आणि भिजलेली ढेप ओंजळी-ओंजळीनं तळ्यात टाकायला लागलो.