तहकूब सभेचा अनुमोदक

कुही तालुक्यातल्या सावळीटोल्यात प्रत्येक ग्रामसभा दोनदा भरत असे. पहिल्या सभेला माणसं येत नसत, म्हणून ती गणपूर्तीअभावी तहकूब होई. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हा एवढाच कायदा गावाला पाठ होता. पहिल्या सभेला जाण्यात अर्थ नव्हता, कारण ती तहकूबच व्हायची. दुसरीला जाण्याची गरज नव्हती, कारण ती कोणावाचून अडत नव्हती. अशा रीतीनं गाव आपला कारभार आपल्या गैरहजेरीत स्वतः चालवत होतं.

दुसऱ्या सभेला एकटा रुपराव येई. त्याचं कारण रेडिओ. पंचायतीच्या खोलीत सरकारनं दिलेला बॅटरीवरचा रेडिओ होता आणि तो सभेच्या दिवशी सेक्रेटरी आल्यावरच सुरू होई. सेक्रेटरी मार्तंड नागपूरच्या रामदासपेठेत राहणारा, अक्षर मोत्यासारखं, मन परतीच्या एसटीत. तो ठराव घरूनच तयार करून आणी आणि वहीत उतरवी. सरपंच चंपतराव हे अध्यक्ष आणि सूचक, असं त्यात लिहिलेलं असे. ते स्वतः सभेला येत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी वही त्यांच्या ओसरीवर जाई आणि चहा पिता पिता ते सही करत. ठरावाला एक अनुमोदक लागतो, आणि रेडिओसमोर एक माणूस बसलेला असे. एकोणीसशे साठ सालापासून सावळीटोल्यानं विहिरी मंजूर केल्या, पुढाऱ्यांच्या निधनाचं दुःख केलं, कुटुंबनियोजनाच्या शिबिराचं स्वागत केलं, आणि या सगळ्याखाली रुपरावाची सही आहे. काय वाचलं हे त्यानं कधी विचारलं नाही. धानाचे भाव ऐकताना मध्येच तो ‘मंजूर’ म्हणे.

चौदा वर्षं हे ठीक चाललं. मग एका हिवाळ्यात त्याच्या बोडीच्या पाळीवर लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या.

बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेलं पाणी. ती रुपरावाच्या बापानं दोन उन्हाळे खपून बांधली होती. दसऱ्याच्या सुमारास पाऊस निघून जातो आणि धान तेव्हाच पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात असतं. ते शेवटचं पाणी बोडी देते. ते मिळालं नाही तर लोंब्या उभ्या राहतात, पण आत दाणा नसतो.

खुंट्या ठोकणारा सर्व्हेवाला सभ्य होता. त्यानं सांगितलं की नागपूरकडून पूर्वेला उच्चदाबाची मोठी लाइन जायची आहे. आखण्या दोन झाल्या आहेत, एक गायरानावरून आणि एक या बोडीवरून. बोडीवरून गेली तर मनोऱ्याचा एक पाय पाळीतच उतरेल. पाळ राहील का, असं रुपरावानं विचारलं. ते आपल्या खात्याचं काम नाही, तो म्हणाला. पण दोन्हींतली कोणती आखणी घ्यायची यावर ग्रामपंचायतीचा अभिप्राय मागवला आहे, आणि तो मान्य करायचा असं वरून ठरलं आहे.

रुपराव खूश होऊन घरी आला. पंचायत म्हणजे कोण, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं!

चंपतरावांकडे गेल्यावर ती खुशी राहिली नाही. गायरान हे मुक्या जनावरांचं आहे, त्यात लोखंड उभं करणं पाप आहे, असं ते म्हणाले. गायरानाच्या अर्ध्या भागात तीन वर्षांपासून त्यांची तूर उभी होती, तिचा त्यांनी उल्लेख केला नाही. अभिप्राय बोडीचाच जाणार होता.

तेव्हा उलटा ठराव मांडायला हवा, हे रुपरावाच्या ध्यानात आलं. त्याबरोबर हेही ध्यानात आलं की मांडणं त्याला येत नाही. एवढ्या वर्षांत त्यानं फक्त मागून होकार दिला होता. तो सूचक शोधायला निघाला. बोडीखाली ज्यांची धानं होती त्या सात घरी गेला. सगळ्यांना त्याचं म्हणणं पटलं आणि सगळ्यांना सभेच्या दिवशी कुहीला काम निघालं. मारोतराव तेवढा मोकळेपणानं बोलला.

“मी अनुमोदन देतो गा रुपराव. सूचक मात्र दुसरा पाहाय.”

म्हणजे रुपरावाची जी जागा होती, तीच तो मागत होता.

घरी भागीरथा सुपात तांदूळ पाखडत होती. नवरा ओसरीवर बसून राहिला, तेव्हा तिनं विचारून घेतलं.

“सूचक मंजे काय करते जी?”

“तो पयले बोलते.”

“आन् अनुमोदक?”

“त्याच्या मांगून हो म्हणते.”

“मंग आपल्या घरात हे तं रोजचंच हाय,” भागीरथा म्हणाली आणि सूप खाली ठेवलं. “मतदार यादीत माहं नाव हाय का नाई?”

नाव होतं. दोनशे बारावं.

तहकूब सभेला ती आली तेव्हा मार्तंडची पंचाईत झाली. बाई सभेला आल्याचं त्या वहीला माहीत नव्हतं. शिवाय ठराव लिहून झाला होता, बोडीवरच्या आखणीस गावाची हरकत नाही म्हणून, आणि खाली अनुमोदक रुपराव हेही लिहिलं होतं. फक्त सही व्हायची होती.

“रुपरावजी, तुमचं नाव तर टाकून झालंय,” तो म्हणाला. “पानांवर नंबर आहेत. फाडता येत नाही.”

“फाडू नका जी,” भागीरथा म्हणाली. “त्यावर रेघ मारा अन् खाली लिहा. लाइन गायरानावरून न्या. बोडी फुटली तं खालच्या सात घराईचं धान जाईन. आमचं एकट्याचं नका लिहू, सात घराईचं लिहा.”

मार्तंडनं घड्याळ पाहिलं. वाद घालावा तर एसटी चुकत होती. त्यानं रेघ मारली आणि नवा ठराव लिहिला. बाजूनं दोन, विरोधात कोणी नाही. रेडिओवर धानाचे भाव चालू होते. रुपरावानं ते त्या दिवशी ऐकले नाहीत. त्यानं पहिल्यांदा ठराव ऐकला आणि ‘मंजूर’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वही चंपतरावांच्या ओसरीवर गेली. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

ठराव पंचायत समितीत गेला, जिल्हा परिषदेत गेला, आठ महिन्यांनी गायरानात खड्डे पडू लागले. चंपतराव तडक कुहीला गेले. तिथं त्यांना त्यांची सही दाखवण्यात आली. ठराव वाचला नव्हता हे सरपंचाला सांगता येत नाही. गावात उतरले तोवर मात्र त्यांचं म्हणणं तयार झालं होतं: सात घरांच्या धानासाठी आपण गायरानावर पाणी सोडलं.

वीज खात्यानं रीतसर पंचनामा केला. गायरानातल्या तुरीचं नुकसान, वहिवाटदार चंपतराव, असं त्यात लिहिलं गेलं. गायरान चंपतराव कसतात असा सरकारी कागद त्यापूर्वी कुठंच नव्हता. तो हाती येताच त्यांनी उरलेल्या गायरानालाही काट्यांचं कुंपण घातलं.

त्यांच्या अभिनंदनाचा ठराव पुढच्या तहकूब सभेत आला. सूचक म्हणून मारोतरावाचं नाव होतं, अनुमोदकाचं मार्तंडनं आधीच लिहिलं होतं. रुपरावानं सही केली.

“काहून केली जी?” वाटेत भागीरथानं विचारलं.

“आपली बोडी तं हाय ना वं. बाकी मंजूर.”

बोडी होती. पण गायरान बंद झाल्यावर गावाच्या जनावरांना हिरवं राहिलं ते तिच्या पाळीवरच. रुपरावाचे बैलही तिथंच चरत. मनोऱ्याच्या एका पायानं जे झालं असतं ते खुरांनी सावकाश केलं. तिसऱ्या उन्हाळ्यात पाळ दोन ठिकाणी खचली.

पंचायतीकडून दुरुस्ती व्हावी म्हणून रुपरावानं अर्ज दिला. भागीरथा सूचक झाली. एव्हाना ती प्रत्येक तहकूब सभेला येई. मार्तंडनं वही उघडली आणि मान हलवली. अर्ज रुपरावाच्या नावाचा होता. स्वतःच्या कामाला स्वतःचं अनुमोदन चालत नाही.

“त्या वेळी सात घरांचं काम होतं,” तो म्हणाला. “दुसरं कोणी आणा.”

कोतवालानं पुन्हा दवंडी दिली. तिघं वाट पाहत बसले. गायरानावरच्या तारा तिथपर्यंत ऐकू येत होत्या, हवा पडली की बारीक गुणगुणायच्या. वीज त्यांच्यातून कुठं तरी दूर जात होती. गावात अजून कंदील होते. मारोतराव दारावरून गेला, आत डोकावला, रामराम केला आणि कुहीच्या रस्त्याला लागला.

मार्तंडनं सुंदर अक्षरात लिहिलं: अनुमोदकाअभावी ठराव तहकूब. मग रेडिओ बंद करून तो एसटीकडे गेला.

भागीरथा उठली, पदर खोचला.

“चला जी. फावडं घ्या तुमी, घमेलं मी घेतो.”

“मंजूर,” रुपराव म्हणाला आणि तिच्या मागून निघाला.